लॉर्ड रेली आणि पाण्यातील बुडबुडा

शेगडीवर चहाचे आधण ठेवले म्हणजे पाणी उकळण्यापूर्वी काही वेळ ते एक विशिष्ट नाद करू लागते. प्रथम बारीक सणसण, मग ती वाढत जाऊन घरघर, आणि पाणी सर्वत्र खळखळून उकळू लागले की तो आवाज उलट मंदावतो. हा प्रकार आमच्या दादरच्या प्रत्येक घरात दिवसातून दोन वेळा तरी घडत असेल. परंतु तो का घडतो, असा प्रश्न किती जणांच्या मनात उभा राहतो? १९१७ साली, पहिले महायुद्ध ऐन भरात असता, इंग्लंडातील एसेक्स परगण्यात चौऱ्याहत्तर वर्षांचे एक वृद्ध गृहस्थ ह्याच प्रश्नाचा विचार करीत बसले होते. नोबेल पारितोषिक, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद, केंब्रिज विद्यापीठाचे कुलपतिपद असे सर्व मान त्यांस त्यापूर्वीच लाभले होते. तरीही किटलीतील पाण्याचा नाद हा विषय त्यांस आपल्या योग्यतेस कमी वाटला नाही. त्या विचारातून निघालेले गणित आज आमच्या शेजारच्या माटुंग्यातील प्रयोगशाळेत उपयोगास येत आहे. ह्या गृहस्थांचे चरित्र आमच्या विद्यार्थी-वाचकांस व त्यांच्या पालकांस सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यांचे मूळ नाव जॉन विल्यम स्ट्रट. वडिलांच्या पश्चात सरदारकी त्यांजकडे आली, तेव्हापासून जग त्यांस लॉर्ड रेली म्हणून ओळखू लागले. (मराठी पुस्तकांत हे नाव रॅले असेही छापलेले आढळते. आमच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या आठवणीतील रॅले सायकलीशी मात्र ह्या घराण्याचा काही संबंध नाही.) त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८४२ रोजी एसेक्स परगण्यातील लँगफर्ड ग्रोव्ह येथे झाला. लहानपणी त्यांची प्रकृती इतकी नाजूक होती की हा मुलगा वाढीस लागेल की नाही, अशी घरच्यांस चिंता वाटे. ईटन आणि हॅरो ह्या दोन्ही नामांकित शाळांत त्यांस घातले होते; परंतु आजारपणामुळे दोन्ही ठिकाणांहून लवकरच परत यावे लागले. पुढील शिक्षण खाजगी शिक्षकांजवळ झाले. तेव्हा शाळेच्या हजेरीपटावरून मुलाच्या भवितव्याचा अंदाज बांधणाऱ्या पालकांनी हा दाखला ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

१८६१ साली ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. तेथे राउथ नावाचे गणिताचे विख्यात अध्यापक होते, त्यांच्या हाताखाली त्यांनी कसून अभ्यास केला आणि १८६५ साली ते गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे सर्वांत पहिले आले. हा मान केवढा मोठा, हे महाराष्ट्रास निराळे सांगावयास नको. पुढे १८९९ साली आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ह्यांनी तोच मान मिळविला आणि रँग्लर ही पदवी त्यांच्या नावास जन्मभर चिकटून राहिली.

इतके यश मिळाल्यावर एखाद्या सरदारपुत्राने काय करावे? शिकार करावी, पार्लमेंटात बसावे, जमिनीचे उत्पन्न खावे, अशी त्या काळची रीत होती. उच्च कुळातील मनुष्याने काचेच्या नळ्या आणि तारा घेऊन दिवसभर खोलीत बसावे, हे कित्येक आप्तेष्टांस रुचले नाही. तथापि ह्या तरुणाने आपल्या टर्लिंग ह्या गावच्या वाड्यातच प्रयोगशाळा उभारली. तेथील उपकरणे फार भपकेदार नव्हती. बरीचशी घरच्या घरीच जुळविलेली होती. आकाश निळे का दिसते, ह्याचे गणिती उत्तर त्यांनी १८७१ साली दिले, ते ह्याच दिवसांत. हवेच्या अतिसूक्ष्म कणांवरून प्रकाश विखुरताना तांबड्यापेक्षा निळा भाग कितीतरी अधिक विखुरतो, असे त्यांनी दाखविले. त्याच वर्षी त्यांचा विवाह एव्हलिन बाल्फोर ह्यांच्याशी झाला. पुढे इंग्लंडचे मुख्य प्रधान झालेले आर्थर बाल्फोर हे ह्या बाईंचे बंधू होत.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांस संधिज्वराने इतके गाठले की जीवाची आशा राहिली नव्हती. हवापालटासाठी ते पत्नीसह मिसर देशास गेले आणि नाईल नदीवर एका घरनौकेत त्यांनी तो हिवाळा काढला. बरोबर मोठे ग्रंथालय नाही, प्रयोगशाळा नाही, अंगात शक्ती नाही. अशा अवस्थेत त्यांनी ध्वनिशास्त्रावरील आपला महान ग्रंथ लिहावयास आरंभ केला. तो दोन खंडांत १८७७ व १८७८ साली प्रसिद्ध झाला, आणि आजही ध्वनीचा अभ्यास करणारास त्याची पाने चाळावी लागतात. लंडनच्या सेंट पॉल मंदिराच्या घुमटाखाली भिंतीशी तोंड नेऊन हलकेच बोलले असता पलीकडच्या बाजूस ते स्पष्ट ऐकू येते. विजापूरच्या गोलघुमटाखाली हाच अनुभव आपल्यापैकी पुष्कळांनी घेतला असेल. आवाज घुमटाच्या वक्र भिंतीस धरून सरपटत कसा जातो, हे रेली ह्यांनीच उलगडून सांगितले.

१८७३ साली वडील वारले व त्यांजकडे सरदारकीबरोबर काही हजार एकर जमीन आली. तिची व्यवस्था तीन वर्षांतच त्यांनी धाकट्या भावाच्या हाती दिली. त्या जमिनीवरील गोठे पुढे लंडनला दूध पुरवून इतके नावारूपास आले की शहरातील कित्येक लोकांस लॉर्ड रेली हे नाव दुधामुळेच ठाऊक होते! १८७९ साली थोर शास्त्रज्ञ मॅक्सवेल ह्यांचे निधन झाले आणि केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्राध्यापकपद रेली ह्यांनी स्वीकारले. शेतीस मंदी आल्याने उत्पन्न घटले होते, हेही त्यास एक कारण होते. तेथे पाच वर्षे राहून त्यांनी विजेच्या मापनाची परिमाणे नव्याने व अत्यंत काटेकोरपणे ठरविली. त्या कामी त्यांच्या मेहुणी एलिनॉर सिज्विक ह्यांचे मोलाचे साहाय्य होते. ह्या बाई पुढे स्त्रियांच्या न्यूनम कॉलेजच्या प्रमुख झाल्या. प्रयोगशाळेचे वर्ग विद्यार्थिनींस विद्यार्थ्यांच्या बरोबरीने खुले झाले ते रेली ह्यांच्याच कारकीर्दीत. १८८४ साली ते पुन्हा टर्लिंगच्या आपल्या खोलीत परतले.

आता त्यांच्या आयुष्यातील अशा एका गोष्टीकडे वळतो, की जिचा धागा थेट आमच्या मुंबईपर्यंत येतो. परंतु ती येथे फारशी कोणास ठाऊक नसते. जॉन जेम्स वॉटरस्टन नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ १८३९ साली मुंबईस आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातील उमेदवारांस शिकविणे हे त्यांचे काम होते. फावल्या वेळात त्यांनी वायूंच्या स्वरूपाविषयी एक विलक्षण कल्पना पूर्णत्वास नेली. वायू म्हणजे सर्व दिशांनी धावणाऱ्या असंख्य सूक्ष्म कणांचा समुदाय, आणि उष्णता म्हणजे त्या कणांच्या धावण्याचाच जोर, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा निबंध त्यांनी १८४५ साली मुंबईहून लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविला. ज्यांनी तो तपासला त्यांस त्यात काहीच अर्थ दिसला नाही. निबंध छापला गेला नाही व परतही मिळाला नाही, सोसायटीच्या दप्तरात पडून राहिला. आणि वॉटरस्टन ह्यांनी त्याची नक्कल स्वतःजवळ ठेवली नव्हती. पुढे दहाबारा वर्षांनी त्याच कल्पना क्लॉसियस व मॅक्सवेल ह्यांनी स्वतंत्रपणे मांडल्या व त्या जगन्मान्य झाल्या. वॉटरस्टन १८८३ साली अज्ञातवासातच निवर्तले.

रेली हे त्या वेळी रॉयल सोसायटीचे चिटणीस होते. वॉटरस्टन ह्यांच्या ध्वनीविषयक एका जुन्या निबंधात ह्या हरवलेल्या लेखनाचा उल्लेख त्यांच्या दृष्टीस पडला. दुसरा कोणी असता तर पुढचे पान उलटले असते. रेली ह्यांनी दप्तर उघडविले, धूळ खात पडलेला तो हस्तलिखित निबंध बाहेर काढला, मुळापासून वाचला आणि स्वतःची प्रस्तावना जोडून १८९२ साली सोसायटीच्या नियतकालिकात छापवून घेतला. सत्तेचाळीस वर्षांनी मुंबईच्या त्या शिक्षकास न्याय मिळाला. मात्र तो पाहण्यास ते हयात नव्हते. त्या प्रस्तावनेत रेली ह्यांनी तरुण लेखकांस असाही सल्ला दिला आहे की, प्रथम लहान व निर्विवाद कामे करून नाव मिळवावे आणि मगच धाडसी कल्पना घेऊन मोठ्या सभेपुढे यावे. हा सल्ला व्यवहारास धरून असेल. परंतु आम्हांस तो सर्वस्वी पटत नाही. नाव पाहून मजकुराची किंमत ठरविण्याच्या रिवाजाचा प्रसाद खुद्द रेली ह्यांसही मिळाला होता. १८८६ च्या सुमारास त्यांचा एक निबंध ब्रिटिश असोसिएशनकडे गेला असता त्यावरील नाव काही कारणाने गळले. कोणा विक्षिप्त माणसाचे लिखाण असे समजून तो नाकारण्यात आला, आणि लेखक कोण हे कळताच त्यात सर्व गुण दिसू लागले, अशी हकीकत त्यांच्या पुत्राने चरित्रात नमूद केली आहे.

ज्या वर्षी वॉटरस्टन ह्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी रेली एका दुसऱ्याच कोड्यात गुंतले होते. निरनिराळ्या वायूंची घनता अचूक मोजण्याचे काम त्यांनी कित्येक वर्षे चालविले होते. एक मोठा काचेचा गोळा घ्यावा, तो निर्वात करून तोलावा, मग त्यात वायू भरून पुन्हा तोलावा. सांगावयास इतके सोपे आणि करावयास इतके कंटाळवाणे असे ते काम. नायट्रोजन त्यांनी दोन रीतींनी मिळविला. एका रीतीत हवेतील ऑक्सिजन तापलेल्या तांब्याने शोषून घेऊन उरलेला वायू घेतला. दुसऱ्या रीतीत अमोनियाची मदत घेतली. दोन्ही नायट्रोजनांचे वजन सारखेच भरावयास हवे. परंतु अमोनियाच्या रीतीने काढलेला नायट्रोजन हजारात एका भागाने हलका भरला.

हजारात एक! बाजारात कोणी इतके माप कमी दिले तर आपण भांडतही नाही. प्रयोगातील चूक म्हणून ती तफावत सोडून देणे सहज शक्य होते. रेली ह्यांनी मात्र ती झाकण्याऐवजी मोठी करून पाहण्याचे ठरविले. अमोनियाच्या रीतीत सुमारे सातवा हिस्साच नायट्रोजन अमोनियाचा व बाकीचा हवेचाच होता. तेव्हा हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरून त्यांनी सर्वच्या सर्व नायट्रोजन रासायनिक पदार्थांतून मिळविला. त्याबरोबर तफावत हजारात एकावरून दोनशेत एकावर गेली. हवेतील नायट्रोजनाने भरलेल्या गोळ्यात २.३१०२ ग्रॅम वायू मावे, तर रासायनिक नायट्रोजन सुमारे २.२९९ ग्रॅम. आता चुकीची शंकाच उरली नाही. त्यापूर्वीच, १८९२ साली, त्यांनी 'नेचर' पत्रात आपली अडचण उघडपणे मांडली होती आणि कोणास कारण सुचल्यास कळवावे, अशी रसायनशास्त्रज्ञांस विनंती केली होती.

ह्या कोड्याचा एक विसरलेला दुवा शंभर वर्षे आधीच नोंदला गेला होता. १७८५ साली हेन्री कॅव्हेंडिश ह्यांनी हवेतील नायट्रोजन विजेच्या ठिणग्यांनी संपविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा शेवटी एक लहानसा बुडबुडा उरला. तो मूळच्या नायट्रोजनाच्या एकशेविसाव्या भागाहून अधिक नव्हता आणि काही केल्या नाहीसा होईना. कॅव्हेंडिश ह्यांनी तो प्रामाणिकपणे टिपून ठेवला आणि पुढे कोणी त्याकडे वळून पाहिले नाही. रेली ह्यांनी तो प्रयोग मोठ्या प्रमाणावर पुन्हा केला. त्याच सुमारास विल्यम रॅम्झी ह्यांनी तापलेल्या मॅग्नेशियमने नायट्रोजन शोषून घेण्याची वेगळी वाट धरली. दोघांच्याही हाती तोच उर्वरित वायू लागला. १८९४ च्या ऑगस्टमध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांनी ह्या नव्या मूलद्रव्याची घोषणा केली. कोणाशीही संयोग न पावणाऱ्या ह्या वायूस आळशी ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आरगॉन हे नाव मिळाले. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात तो शेकडा एक भागाच्या जवळपास असतो, आणि तोवर जगास त्याची वार्ताही नव्हती. १९०४ साली रेली ह्यांस पदार्थविज्ञानाचे व रॅम्झी ह्यांस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रेली ह्यांनी आपले पारितोषिकाचे द्रव्य केंब्रिज विद्यापीठास देऊन टाकले.

येथून आता किटलीकडे येऊ. पण त्याआधी समुद्रावर जाऊन यावे लागेल.

१८९० नंतरच्या दशकात आगबोटींचा वेग वाढविण्याची स्पर्धा लागली असता एक अनपेक्षित अडथळा आला. बोटीचा पंखा एका मर्यादेपलीकडे जलद फिरविला की यंत्राची शक्ती वाया जाई, बोट पुढे सरकत नसे. पंख्याच्या पात्यामागे दाब इतका घटे की पाणी जणू फाटून तेथे पोकळ्या पडत. इंग्रज आरमाराच्या डेअरिंग ह्या नौकेवर हा प्रकार ध्यानात आला व त्यास कॅव्हिटेशन हे नाव पडले. चार्ल्स पार्सन्स ह्यांनी १८९४ साली वाफेच्या टर्बाइनवर चालणारी टर्बिनिया नावाची लहान बोट बांधली, तीही प्रथम वीस नॉटांच्या आतच अडकली. पार्सन्स ह्यांनी पाण्याच्या लहान टाकीत पंखा फिरवून त्या पोकळ्या डोळ्यांनी पाहिल्या, मग एका दांड्याऐवजी तीन दांडे व त्यांवर नऊ पंखे बसविले. आणि १८९७ च्या जूनमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कारकीर्दीस साठ वर्षे झाली म्हणून भरलेल्या आरमारी संचलनात त्यांची बोट चौतीस नॉटांच्या वेगाने सर्वांच्या देखत निघून गेली.

वेगाचा प्रश्न असा सुटला, परंतु दुसरा उद्भवला. लुसितानिया व मॉरेतानिया ह्यांसारख्या प्रचंड आगबोटींच्या पंख्यांचा कठीण धातू थोड्याच काळात खड्डे पडून कुरतडल्यासारखा होऊ लागला. ज्यात काहीच नाही अशी पाण्यातील एक पोकळी मजबूत धातू खाऊ शकेल, हे कोणास खरे वाटावे? युद्धकाळी तर हा प्रश्न आरमाराच्या जिव्हाळ्याचा झाला. रेली हे ऑस्बोर्न रेनल्ड्स ह्यांचे किटलीच्या नादाविषयीचे विवेचन वाचून त्यावर गणित मांडू लागले होते; इतक्यात पार्सन्स ह्यांजकडून त्यांस कळले की पंख्यांमागील पोकळ्यांसंबंधाने तेही त्याच प्रश्नाशी झगडत आहेत आणि कुक नावाच्या गृहस्थांनी काही आकडेमोडही केली आहे. स्वयंपाकघरातील प्रश्न व आरमाराचा प्रश्न हे दोन्ही एकच निघाले.

किटलीत घडते ते असे. तळाशी पाणी अधिक तापून तेथे वाफेचे बुडबुडे होतात. ते वर निघतात तो वरचे पाणी अद्याप निवलेले असते. त्याच्या स्पर्शाने बुडबुड्यातील वाफेचे पाणी होते, बुडबुडा आतून रिकामा पडतो आणि भोवतालचे पाणी चहूंकडून आत कोसळते. त्या कोसळण्याचा आवाज म्हणजेच आधणाचा नाद. सर्व पाणी तापले की बुडबुडे न मोडता पृष्ठभागापर्यंत येतात, म्हणून आवाज मंदावतो.

रेली ह्यांनी ह्या कोसळण्याचा हिशेब मांडला. गोल पोकळी मिटत असता आतल्या बाजूचे पाणी उत्तरोत्तर अधिक वेगाने धावते. गर्दीच्या वेळी दादर स्थानकाच्या एका अरुंद जिन्याकडे चारही बाजूंनी लोक लोटले म्हणजे जिन्याच्या तोंडाशी जी चेपाचेपी होते, तिची येथे आठवण व्हावी. बाहेर विस्तीर्ण जागेत पसरलेला जोर आत येता येता अत्यंत लहान जागेत एकवटतो. पोकळीची त्रिज्या मूळच्या विसाव्या हिश्शावर आली की तिच्या लगतच्या पाण्यातील दाब साध्या हवेच्या दाबाच्या सुमारे १२६० पट होतो, असे त्यांच्या गणिताचे उत्तर आले. आणि ह्यास वेळ किती लागतो? एक मिलिमीटर त्रिज्येची पोकळी साध्या हवेच्या दाबाखाली सेकंदाच्या सुमारे अकरा हजाराव्या भागात मिटते. धातूस खड्डे पाडणाऱ्या शक्तीचा उगम अशा रीतीने सापडला. हा निबंध १९१७ च्या ऑगस्टमध्ये 'फिलॉसॉफिकल मॅगझिन' ह्या मासिकात आला. तो अवघा काही पानांचा आहे. रेली ह्यांच्या चारशेंहून अधिक निबंधांत तो त्यांच्या समकालीनांस फार मोठा वाटला नसावा.

ह्यानंतर त्यांस दोनच वर्षे लाभली. ३० जून १९१९ रोजी टर्लिंग येथे त्यांचा अंत झाला. त्यांचे सर्वच सिद्धान्त टिकले असे मात्र नाही. समुद्राचा निळा रंग म्हणजे निव्वळ आकाशाचे प्रतिबिंब, असे त्यांचे मत होते. १९२१ साली विलायतेहून परतणारे चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी बोटीवरच काही प्रयोग करून ते मत खोडून काढले, आणि त्यासंबंधीचे त्यांचे पत्र मुंबई बंदरातून 'नेचर'कडे रवाना झाले. पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरतात, हे दाखविण्यास रामन ह्यांनी रेली ह्यांचीच आकाशाविषयीची विचारसरणी पुढे नेली होती.

बुडबुड्याच्या गणिताचे भाग्य मात्र त्यांच्या मृत्यूनंतर उदयास आले. १९१७ सालीच फ्रान्समध्ये पॉल लँजव्हँ ह्यांनी पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी क्वार्ट्झच्या स्फटिकाकडून मानवी कानास न ऐकू येणारा, सेकंदास वीस हजारांहून अधिक कंपनांचा ध्वनी पाण्यात निर्माण केला होता. त्यास श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. दवाखान्यातील सोनोग्राफीमुळे त्याचे नाव आता सर्वांस परिचित आहे. १९२७ साली अमेरिकेत रिचर्ड्स व लूमिस ह्यांनी दाखविले की असा ध्वनी जोराने सोडला असता द्रवातील रासायनिक क्रियाही जलद होतात. ध्वनी रसायन कसे घडवितो? ध्वनिलहर पाण्यास क्षणात ताणते व क्षणात दाबते. ताणाच्या वेळी पाण्यातील अतिसूक्ष्म वायुकण फुगून बुडबुडे होतात. दाबाच्या वेळी ते रेली ह्यांच्या हिशेबाप्रमाणे कोसळतात. सायकलीचा पंप जोराने मारला की त्याचे टोक ऊन लागते, हे मुलांच्या अनुभवाचे आहे. बुडबुड्यात कोंडलेला वायू ह्याहून कितीतरी पटीने अधिक वेगाने दाबला जातो. १९८६ साली अमेरिकेत केलेल्या मोजमापात त्याचे तापमान सुमारे ५००० अंशांपर्यंत जाते, असे आढळले. भोवतालचे पाणी हातास साधेच लागते, आणि त्यातील लक्षावधी बिंदूंवर क्षणार्धापुरती भट्टी पेटून विझत असते. त्या उष्णतेत पाण्याचे रेणूच तुटतात, व त्यांचे अत्यंत तिखट असे तुकडे शेजारच्या पदार्थांवर तुटून पडतात.

आता माटुंग्याविषयी. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रशास्त्राचा एक विभाग सुरू केला. दादर, परळ, लालबाग हा सर्व टापू तेव्हा गिरण्यांच्या भोंग्यांवर जागा होत असे. कापड रंगविण्याचे व धुण्याचे शास्त्र जाणणारी माणसे गिरण्यांस हवी होती, आणि म्हणूनच आरंभीच्या दोन अभ्यासक्रमांपैकी एक वस्त्ररसायनाचा होता. १९४३ साली हा विभाग माटुंग्यास आला. जुने लोक त्यास यू. डी. सी. टी. म्हणतात, २००८ पासून ती स्वतंत्र विद्यापीठाच्या दर्जाची रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. दादर टी. टी. पासून फाइव्ह गार्डन्सच्या वाटेने चालत गेल्यास आमच्या विद्यार्थ्यांस ती सहज पाहता येईल. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, पण रंगाचे पाणी मागे राहिले. ते आता इतर ठिकाणच्या कारखान्यांतून नद्या-खाड्यांत जाते. पुष्कळ रंग असे चिवट असतात की पाण्यातील जंतूंसही ते पचत नाहीत. अशा रंगांचे रेणू बुडबुड्यांच्या आघाताने तोडता येतात, ह्या विषयावर माटुंग्याच्या संस्थेत अनेक वर्षे संशोधन चालले आहे. प्राध्यापक अनिरुद्ध पंडित व प्राध्यापक ज्येष्ठराज जोशी ह्यांनी १९९३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. एरव्ही एकमेकांत न मिसळणारे तेल व पाणी ह्यांची क्रिया कॅव्हिटेशनच्या योगाने कशी जलद होते, हा त्याचा विषय होता.

ह्या मार्गातील अडचणही सांगितली पाहिजे. काचेच्या लहान भांड्यात जे उत्तम साधते, ते मोठ्या टाकीत साधत नाही. ध्वनी सोडणाऱ्या दांड्यापासून थोडे अंतर गेले की त्याचा जोर ओसरतो व तेथे बुडबुडे पडतच नाहीत. विजेचा खर्च मात्र चालूच राहतो. ह्यावर उपाय म्हणून माटुंग्यास सुमारे साडेसात लिटरचे एक षट्कोनी पात्र तयार करण्यात आले. त्याच्या सहाही भिंतींवर ध्वनी निर्माण करणारी साधने बसविलेली असून सेकंदास २०, ३० व ५० हजार कंपनांचे ध्वनी त्यात वेगवेगळे किंवा एकत्र सोडता येतात. दुसरा उपाय अधिकच साधा आहे. ध्वनी सोडूनच द्यावा, पंपाने पाणी बारीक भोके पाडलेल्या तबकडीतून जोराने ढकलावे. अरुंद वाटेत दाब घटून पार्सन्स ह्यांच्या पंख्यामागे पडत तशाच पोकळ्या पडतात व पुढे जाऊन कोसळतात. ज्या उपद्रवाने बोटींचे पंखे कुरतडले, तोच येथे मुद्दाम निमंत्रण देऊन कामास लावलेला आहे.

भोके किती ठेवावी, ध्वनीचा जोर किती असावा, बुडबुडा किती फुगेल व केव्हा मिटेल, हे आधी कागदावर काढावे लागते. त्यासाठी वापरतात ते समीकरण रेली ह्यांचेच आहे. मिल्टन प्लेसेट ह्यांनी १९४९ साली त्यात बदलत्या दाबाची व पाण्याच्या पृष्ठताणाची भर घातली, म्हणून त्यास दोघांचीही नावे जोडून रेली-प्लेसेट समीकरण म्हणण्याचा प्रघात आहे.